आधी कोण, मग कोण?

संगणकाचे बटण दाबल्यापासून तो कामाला तयार होईपर्यंत थोडा वेळ जातो. कधी दहा-पंधरा सेकंद, कधी दीड-दोन मिनिटे. ‘एवढा वेळ हा आत काय करत असतो?’ असे वर्गात कोणी ना कोणी विचारतेच. ‘चालू होत असतो’ एवढे उत्तर देऊन आपण बहुधा पुढे जातो. पण हा प्रश्न इतक्यात सोडून देण्यासारखा नाही. त्याच्या पोटात क्रमाचे एक छान कोडे आहे. ते सोडवायला गणित लागते, आणि ते चुकले तर लोकांची माहिती कायमची नाहीशी होऊ शकते.

त्या वेळात संगणक अनेक छोटी कामे उरकतो. डिस्क तपासणे, घड्याळ जुळवणे, नेटवर्क सुरू करणे, घडामोडींची नोंद ठेवणारी सेवा जागी करणे, छपाईची सेवा तयार ठेवणे, अशी ही कामे असतात. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये प्रत्येक सेवेसाठी एक छोटी मजकूर-फाइल असते. सेवा सुरू कशी करायची, बंद कशी करायची, ती चालू आहे की नाही हे कसे ओळखायचे, एवढेच तिच्यात लिहिलेले असते. हिला आपण ‘सुरुवातीची स्क्रिप्ट’ म्हणू. अशी स्क्रिप्ट बहुधा पन्नास-शंभर ओळींची असते आणि वाचता येणाऱ्याला ती अर्ध्या तासात कळते. मग तिच्यात अवघड काय आहे? हे पाहण्यासाठी आपण एकच उदाहरण नीट तपासू : दुसऱ्या यंत्रातली डिस्क नेटवर्कवरून वापरू देणारी सेवा.

दूरची डिस्क

आमच्यासारख्या प्रयोगशाळांमध्ये मोजमापांच्या फाइली फार मोठ्या असतात. प्रत्येक संगणकात मोठमोठ्या डिस्क बसवत बसण्यापेक्षा एका यंत्रात भरपूर डिस्क ठेवाव्यात आणि बाकीच्या संगणकांनी त्या नेटवर्कवरून वापराव्यात, हे सोयीचे पडते. बँका, रुग्णालये, विद्यापीठे यांच्याकडेही अशीच व्यवस्था असते.

ही वाटणी दोन प्रकारे करता येते. पहिला प्रकार ग्रंथालयासारखा. आपण ग्रंथपालाकडे पुस्तकाचे नाव सांगतो, तो पुस्तक आणून देतो. पुस्तके कोणत्या फळीवर कशी लावली आहेत, ही काळजी त्याची. फाइल-सर्व्हर असे काम करतो. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ च्या सुमारास आणलेली एनएफएस ही पद्धत या प्रकारात मोडते.

दुसऱ्या प्रकारात आपल्याला पुस्तक मिळत नाही, अख्खे रिकामे कपाट मिळते. त्यात फळ्या कशा लावायच्या, यादी कशी ठेवायची, ते आपणच ठरवायचे. संगणकाला वाटते, ही माझीच डिस्क आहे. प्रत्यक्षात ती दुसऱ्या खोलीत, कदाचित दुसऱ्या इमारतीत असते. आय-स्कझी ही पद्धत या प्रकारची आहे. डिस्कशी बोलण्याची स्कझी नावाची भाषा १९८६ साली प्रमाणित झाली. तेव्हा हे बोलणे संगणकापासून काही मीटरच्या आत, जाड केबलमधून चाले. त्याच आज्ञा इंटरनेटच्या नेहमीच्या पाकिटांतून कशा पाठवायच्या याचे प्रमाण २००४ साली प्रसिद्ध झाले, आणि केबलच्या लांबीची अट संपली.

या पद्धतीत साठा देणाऱ्या यंत्राला ‘टार्गेट’ आणि मागणाऱ्याला ‘इनिशिएटर’ म्हणतात. आपण त्यांना दाता आणि ग्राहक म्हणू. ग्राहकाने आपले नाव सांगून दात्याकडे प्रवेश घ्यायचा, म्हणजे ‘लॉग-इन’ करायचे. मग ती डिस्क त्याला दिसू लागते. त्यानंतर ती आपल्या फाइलींच्या झाडात एखाद्या ठिकाणी जोडायची, म्हणजे ‘माउंट’ करायची. मग ती वापरता येते. लिनक्सवर ग्राहकाचे काम ‘ओपन-आयस्कझी’ नावाची मुक्त आज्ञावली करते. आपण जी स्क्रिप्ट पाहणार आहोत ती हिची.

पाच चिठ्ठ्यांचा खेळ

आता क्रमाचे कोडे मांडू. पाच चिठ्ठ्या करा.

क : संगणकाची स्वतःची डिस्क तयार करणे.
ख : नेटवर्क सुरू करणे. यासाठी ‘क’ हवे, कारण नेटवर्कची आज्ञावली त्या डिस्कवर आहे.
ग : नोंदी ठेवणारी सेवा सुरू करणे. यासाठीही ‘क’ हवे.
घ : दात्याकडे लॉग-इन करणे. यासाठी ‘ख’ हवे.
च : दूरची डिस्क माउंट करणे. यासाठी ‘घ’ हवे.

पाच चिठ्ठ्या ओळीने मांडण्याचे प्रकार ५ × ४ × ३ × २ × १, म्हणजे १२०. त्यांपैकी सर्व अटी पाळणारे किती? ‘क’ पहिली हवीच. ख, घ, च यांचा आपापसांतला क्रम ठरलेला आहे. ‘ग’ मात्र ‘क’ नंतर कुठेही बसू शकते. तिला चार जागा आहेत. म्हणजे १२० पैकी अवघे ४ क्रम चालतात. नवख्या माणसाने डोळे मिटून क्रम लावला, तर तो बरोबर येण्याची शक्यता तीसात एक.

आता कोणीतरी म्हणाले, लॉग-इन करताना काही बिघडले तर त्याची नोंद व्हायला हवी, म्हणून ‘घ’ ला ‘ग’ सुद्धा हवी. मागणी रास्त आहे. ती मान्य केली की चालणारे क्रम दोनच उरतात : क, ख, ग, घ, च आणि क, ग, ख, घ, च.

पुढे आणखी एक जण म्हणतो, नोंदी फार वाढतात, त्या दूरच्या मोठ्या डिस्कवर ठेवू. हीही मागणी रास्त वाटते. पण आता ‘ग’ ला ‘च’ हवी, ‘च’ ला ‘घ’ हवी आणि ‘घ’ ला ‘ग’ हवी. चालणारे क्रम किती? शून्य! किल्ली कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावण्यासारखे हे झाले. गंमत अशी की यात कोणाचीच मागणी वेडगळ नव्हती. तीन शहाण्या मागण्या एकत्र आल्या आणि कोडे सुटेनासे झाले.

गणितात अशा मांडणीला दिशायुक्त आलेख म्हणतात. चिठ्ठ्या म्हणजे बिंदू, ‘याला ते हवे’ म्हणजे बाण. बाणांच्या दिशेने चालत निघून पुन्हा त्याच बिंदूशी येता येत नसेल, तर निदान एक तरी योग्य क्रम नक्की मिळतो. फेरा असेल तर एकही मिळत नाही. हा क्रम शोधण्याची एक सोपी रीत आर्थर कान यांनी १९६२ साली मांडली. ज्या चिठ्ठीची कसलीच मागणी उरलेली नाही ती उचलायची, इतर चिठ्ठ्यांवरची तिची मागणी खोडायची, आणि पुन्हा तेच करत राहायचे. शेवटी चिठ्ठ्या उरल्या आणि एकही उचलता येत नसेल, तर फेरा आहे हे सिद्ध झाले. ही रीत सातवीतल्या मुलांनाही जमते.

क्रमांकांचे दिवस

आश्चर्य वाटेल, पण बरीच वर्षे लिनक्समध्ये ही रीत वापरली जात नव्हती. सिस्टिम-फाइव्ह नावाच्या युनिक्सकडून आलेली पद्धत होती ती क्रमांकांची. प्रत्येक स्क्रिप्टच्या नावाआधी ‘एस’ हे अक्षर आणि ०० ते ९९ मधला एक आकडा लावायचा. लहान आकडा आधी, मोठा नंतर. बंद करतानाच्या क्रमासाठी ‘के’ अक्षर आणि आणखी एक आकडा. संगणक ही यादी नावाच्या क्रमाने वाचत जायचा.

पद्धत समजायला सोपी होती. पण आकडा कोण ठरवणार? डेबियनसारख्या वितरणात हजारो पॅकेज असतात आणि ती वेगवेगळ्या देशांतली माणसे तयार करतात. लिहिणाऱ्याने वेगळे काही सांगितले नाही तर डेबियनमध्ये आकडा २० मिळत असे. साहजिकच २० आकडा असलेल्या स्क्रिप्टची गर्दी झाली. मग त्या गर्दीत आधी कोण? ज्याचे नाव वर्णक्रमात आधी तो. सेवेचे नाव काय ठेवले यावर ती कधी सुरू होणार हे ठरू लागले!

याहून मोठा दोष असा की आकडा कारण सांगत नाही. एखाद्या स्क्रिप्टला ४५ आकडा दिसला, तर ती ४० च्या नंतर यावी म्हणून दिला, ५० च्या आधी यावी म्हणून दिला, की सहज दिला? लिहिणारा सोडून गेला की हे ज्ञानही गेले. पुढचा माणूस त्या आकड्याला हात लावायला घाबरतो.

क्रमांक नको, गरज सांगा

यावर उपाय म्हणजे स्क्रिप्टच्या डोक्यावर काही ठरावीक ओळी लिहिणे : मला सुरू होण्यासाठी काय काय हवे, मी कोणती सेवा पुरवते, बंद होताना मला कोणाचा आधार अजून हवा. लिनक्सच्या वेगवेगळ्या वितरणांत सारखेपणा यावा म्हणून केलेल्या प्रमाणात या ओळींचे स्वरूप ठरवले गेले. मग क्रम लावण्याचे काम माणसाचे उरत नाही. संगणक सगळ्यांच्या गरजा वाचतो, आलेख काढतो आणि क्रम लावतो. फेब्रुवारी २०११ मध्ये आलेल्या डेबियनच्या सहाव्या आवृत्तीत ही पद्धत नेहमीची झाली.

त्याच सुमारास सिस्टिम-डी नावाची नवी व्यवस्था पुढे आली. २०११ मध्ये फेडोराने, २०१५ मध्ये डेबियन आणि उबुंटूने ती स्वीकारली. हिच्यात बहुतेक सेवांसाठी स्क्रिप्टच्या जागी थोड्या ओळींचे वर्णनपत्र असते. ज्या सेवांचा एकमेकींशी संबंध नाही त्या एकाच वेळी सुरू होतात, त्यामुळे वेळ वाचतो. आणि तिने एक महत्त्वाचा भेद स्पष्ट केला, तो वर्गात सांगण्यासारखा आहे.

‘नंतर’ आणि ‘हवे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘पाहुणे येणार असतील तर ते आल्यावर जेवू’ यात फक्त क्रम आहे. पाहुणे आलेच नाहीत तरी जेवण होईल. ‘पाहुण्यांना बोलवा’ यात फक्त गरज आहे. ते जेवणाआधी येतील की नंतर, हे सांगितलेले नाही. सिस्टिम-डीच्या वर्णनपत्रात या दोन गोष्टी वेगवेगळ्या ओळींत लिहाव्या लागतात. एकच लिहिली, तर दुसरी आपोआप धरली जात नाही. ‘मला नेटवर्क हवे’ एवढेच लिहिले, तर नेटवर्क आणि लॉग-इन ही दोन्ही कामे एकदमच सुरू होतील. घाईच्या यंत्रावर लॉग-इन फसेल, संथ यंत्रावर जमून जाईल. अशी चूक सापडणे फार कठीण, कारण लिहिणाऱ्याच्या टेबलावर ती दिसतच नाही.

आणि फेरा निघाला तर? सिस्टिम-डी अडून बसत नाही. फेऱ्यातले एखादे काम वगळते, तसे नोंदवहीत लिहिते आणि पुढे जाते. संगणक सुरू होतो, सगळे ठीक दिसते, पण एक सेवा जागी झालेली नसते. ती कोणती, हे नोंदवही उघडून पाहणाऱ्यालाच कळते.

‘नेटवर्क आहे’ म्हणजे नक्की काय?

आपल्या चिठ्ठीवर ‘ख : नेटवर्क सुरू करणे’ असे आपण सहज लिहून गेलो. जरा थांबून विचारू. नेटवर्क सुरू झाले असे कधी म्हणायचे? केबल लावली तेव्हा? कार्डावरचा दिवा लागला तेव्हा? संगणकाला पत्ता मिळाला तेव्हा? की पलीकडच्या यंत्राने उत्तर दिले तेव्हा?

या क्षणांमध्ये बराच काळ जाऊ शकतो. नेटवर्कच्या स्विचांमध्ये केबलींचे वर्तुळ तयार झाले, तर पाकिटे गोल गोल फिरत राहतील. ते टाळण्यासाठी स्विच नव्या जोडणीची आधी चौकशी करतो. या कामाच्या जुन्या प्रमाणानुसार तो १५ सेकंद ऐकतो आणि १५ सेकंद पत्ते शिकतो. या ३० सेकंदांत कार्डावरचा दिवा लागलेला असतो, पण एकही पाकीट पलीकडे जात नाही. दिवा पाहून निघालेल्याची फसगत ठरलेली.

म्हणून सिस्टिम-डीमध्ये ‘नेटवर्क’ आणि ‘नेटवर्क-ऑनलाइन’ असे दोन वेगळे टप्पे आहेत. पहिल्याचा अर्थ, नेटवर्क सांभाळणारी आज्ञावली कामाला लागली. दुसऱ्याचा अर्थ, जोडणी वापरण्याजोगी झाली असे ती आज्ञावली म्हणते. आय-स्कझीच्या वर्णनपत्राला दुसरा टप्पा मागावा लागतो. शिवाय ‘दूरच्या डिस्क माउंट करण्याच्या टप्प्याच्या आधी मी झालेच पाहिजे’ असेही सांगावे लागते. डिस्कच्या यादीत त्या डिस्कसमोर ‘ही नेटवर्कवरची आहे’ अशी खूण करण्याचे काम ती यंत्रणा सांभाळणाऱ्याचे. ती खूण नसेल तर संगणक तिला घरची डिस्क समजून फार आधी शोधू लागतो.

एवढे करूनही एक प्रसंग उरतो, आणि तो आपल्याकडे सगळ्यांच्या ओळखीचा आहे. वीज जाते आणि थोड्या वेळाने येते. दाता, स्विच आणि ग्राहक तिघेही एकाच क्षणी उठतात. दात्याला अनेक डिस्क तपासायच्या असतात, त्यामुळे तो उशिरा तयार होतो. ग्राहक मात्र लवकर उठून दार ठोठावू लागतो. एका संगणकातला क्रम कितीही अचूक लावला, तरी दोन संगणकांमधला क्रम त्यात येत नाही. इथे धीर धरणे एवढाच उपाय. ओपन-आयस्कझीत लॉग-इनच्या एका प्रयत्नाला १५ सेकंद आणि असे ८ प्रयत्न, ही मूळ ठेवण असते. म्हणजे १२० सेकंद वाट पाहिली जाते. दाता याहून उशिरा उठत असेल, तर हे आकडे बदलावे लागतात. ते बदलण्याची सोय पॅकेजने ठेवलेली असली पाहिजे.

आधी बूट, मग मोजे

आतापर्यंत आपण संगणक सुरू होण्याबद्दल बोललो. खरा धोका मात्र तो बंद होताना असतो.

लिनक्स आपण लिहिलेली गोष्ट लगेच डिस्कवर नेत नाही. ती आधी मेमरीत ठेवते आणि सवडीने डिस्कवर उतरवते. नेहमीच्या ठेवणीत दर ५ सेकंदांनी उतरवण्याचे काम जागे होते आणि ३० सेकंदांहून जुना मजकूर उचलते. म्हणजे कोणत्याही क्षणी अर्ध्या मिनिटाचे काम फक्त मेमरीत असू शकते. आपल्याला ‘जतन झाले’ असा निरोप मिळालेला असतो, पण मजकूर अजून वाटेतच असतो. डिस्क उतरवताना, म्हणजे ‘अनमाउंट’ करताना, हा सारा मजकूर आधी डिस्कवर पोहोचवला जातो.

म्हणून बंद करण्याचा क्रम असा हवा : आधी डिस्क वापरणाऱ्या सेवा थांबवा, मग डिस्क अनमाउंट करा, मग दात्याकडून लॉग-आउट करा, आणि सर्वांत शेवटी नेटवर्क बंद करा. सुरुवातीच्या क्रमाच्या बरोबर उलटा. सकाळी आधी मोजे मग बूट, संध्याकाळी आधी बूट मग मोजे. उच्च माध्यमिकच्या मुलांना व्यस्त सारणी शिकवताना गुणाकाराच्या व्यस्तात क्रम उलटतो हे आपण सांगतो, त्याचेही कारण हेच.

आता समजा, नेटवर्क आधी बंद झाले. मेमरीतला मजकूर डिस्कवर जायला निघतो, पण रस्ताच नाही. ग्राहकाची आज्ञावली तुटलेली जोडणी परत मिळवण्याचा प्रयत्न करते. मूळ ठेवणीत ती १२० सेकंद वाट पाहते आणि मग ‘लिहिता आले नाही’ असे सांगून टाकते. तोवर संगणक बंद होण्याच्या वाटेवर अडकून पडलेला दिसतो. समोरचा माणूस कंटाळून बटण दाबून धरतो. मेमरीतले काम गेले. डिस्कवरच्या याद्या सांभाळण्यासाठी फाइल-व्यवस्थेत रोजनिशी असते, त्यामुळे डिस्कची घडी बहुधा वाचते. पण मेमरीतून कधी निघालेच नाही ते रोजनिशी कुठून आणणार?

यातून सिस्टिम-डीची एक चांगली सोय लक्षात येते. ‘मी नेटवर्कनंतर’ असे एकदा लिहिले की बंद होताना ती सेवा नेटवर्कच्या आधी थांबते. उलटा क्रम वेगळा लिहावा लागत नाही. जुन्या पद्धतीत ‘एस’ चा आकडा आणि ‘के’ चा आकडा वेगवेगळे द्यावे लागत. सुरुवात रोज दिसते, म्हणून तिचा आकडा लोक काळजीने लावत. शेवट कोणी पाहत नाही, म्हणून त्याचा आकडा चुकलेला राहून जाई.

एक अपवाद मात्र आठवणीने सांभाळावा लागतो. काही संगणकांत स्वतःची डिस्कच नसते. ऑपरेटिंग सिस्टिमही दूरच्या डिस्कवर असते. तिथे शेवटी सरसकट लॉग-आउट केले, तर बसलेली फांदीच तोडल्यासारखे होईल, कारण संगणक बंद करणारी आज्ञावलीही त्याच डिस्कवर आहे. म्हणून स्क्रिप्टने मूळ डिस्क कुठे आहे हे आधी पाहायचे आणि ती जोडणी सोडून बाकीच्या तोडायच्या.

पाकिटात काय घालायचे?

स्क्रिप्ट लिहून झाली. आता ती पॅकेजमध्ये घालून लोकांना द्यायची. डेबियनचे पॅकेज म्हणजे एक बांधलेले पाकीट. त्यात दोन पुडकी असतात : एकात फाइली, दुसऱ्यात माहिती आणि बसवताना-काढताना चालवायच्या छोट्या आज्ञा. पॅकेज करणाऱ्याला हे पाकीट कोणत्या यंत्रावर उघडले जाईल हे माहीत नसते. म्हणून काही पथ्ये पाळावी लागतात.

पहिले पथ्य : स्क्रिप्ट दोनदा चालवली तरी बिघडता कामा नये. सेवा आधीच चालू असताना पुन्हा ‘सुरू कर’ म्हटले, तर दुसरी प्रत न काढता ‘चालू आहे’ असे सांगून यशस्वी व्हायचे.

दुसरे : उत्तर खरे द्यायचे. ‘चालू आहे का?’ याला आकड्यात उत्तर द्यायचे असते; ० म्हणजे चालू आहे, ३ म्हणजे चालू नाही. हे उत्तर माणूस नव्हे, दुसरी आज्ञावली वाचते आणि त्यावर पुढचा निर्णय घेते.

तिसरे : आज्ञावली काढून टाकली तरी तिच्या ठेवणीच्या फाइली डेबियन मागे ठेवते, कारण त्या माणसाने मेहनतीने बदललेल्या असू शकतात. सुरुवातीची स्क्रिप्टही त्यांतच असते. म्हणून स्क्रिप्टने पहिल्याच ओळीत ‘आज्ञावली जागेवर आहे का?’ हे पाहायचे, आणि नसेल तर गडबड न करता निघून जायचे.

चौथे : वापरणाऱ्याने केलेले बदल पुसायचे नाहीत. नवी आवृत्ती बसवताना ठेवणीची फाइल बदललेली आढळली, तर डेबियन विचारते : तुमची ठेवू की नवी घेऊ? हा प्रश्न कटकटीचा वाटतो. पण त्या फाइलीत त्या माणसाने आपल्या यंत्रासाठी ठरवलेली ठेवण असते. ती गुपचूप बदलली तर पुढच्या वेळी डिस्क न मिळण्याचा धोका असतो.

पाचवे पथ्य या सेवेचे खास आहे. नेहमीच्या सेवेची नवी आवृत्ती बसवताना जुनी थांबवायची, फाइली बदलायच्या, नवी सुरू करायची. इथे ‘थांबवणे’ म्हणजे लॉग-आउट धरले, तर चालू कामाखालून डिस्क काढून घेतल्यासारखे होईल. सुदैवाने ओपन-आयस्कझीची रचना यासाठी सोयीची आहे. डिस्कवरची प्रत्यक्ष देवघेव लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, करतो. बाहेरची सेवा फक्त लॉग-इन करणे आणि तुटलेली जोडणी सांधणे ही कामे पाहते. म्हणून ती सेवा क्षणभर थांबवून बदलली तरी देवघेव चालू राहते. त्या क्षणी जोडणी तुटली, तर मात्र सांधणारा जागेवर नसतो. म्हणून हा क्षण लहान ठेवायचा आणि लॉग-आउट करायचे नाही. डेबियनच्या पॅकेजमध्ये ही दोन कामे दोन वेगळ्या सेवांमध्ये विभागलेली आहेत, ती उगीच नाही.

सहावे पथ्य नावाचे. प्रत्येक ग्राहकाला जगात एकमेव असे नाव हवे. त्या नावात एक वर्ष-महिना, संस्थेचे उलटे लिहिलेले इंटरनेट-नाव आणि पुढे काही अक्षरे असतात. डेबियनवर आपोआप बनणाऱ्या नावात १९९३-०८ असे येते. डेबियन प्रकल्प सुरू झाला तो महिना ऑगस्ट १९९३. पुढची अक्षरे यादृच्छिक असतात. आता हे नाव पॅकेजमध्येच तयार करून घातले तर? मग ते पाकीट उघडणाऱ्या सगळ्या यंत्रांचे नाव एकच होईल. दात्याला ओळख पटते ती नावावरून. दोन यंत्रे एकाच नावाने एकाच कपाटात शिरतील, आणि प्रत्येकाला वाटेल हे कपाट फक्त माझेच. दोघांनी आपापल्या समजुतीने याद्या लिहिल्या की थोड्याच वेळात डिस्कवर काय कुठे आहे हे कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून पाकिटात नाव न घालता ‘नाव तयार करायचे आहे’ एवढी खूण घालायची, आणि पहिल्यांदा सुरू होताना स्क्रिप्टने त्या यंत्रावरच नाव तयार करायचे. एक यंत्र तयार करून त्याच्या हुबेहूब प्रती काढणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे, कारण एकदा तयार झालेले नाव प्रतीबरोबर जाते.

या सगळ्या पथ्यांत संगणकशास्त्राची मोठी प्रमेये नाहीत. आपण ज्याला कधी भेटणार नाही अशा माणसाच्या यंत्रावर, आपण तिथे नसताना, मध्यरात्री वीज आल्यावर काय होईल याचा विचार आहे. या स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांपैकी कित्येक जण हे काम विनावेतन करतात. ते नीट झाले असेल तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

वर्गात करून पाहा

यासाठी संगणक लागत नाही. वर दिलेल्या पाच चिठ्ठ्या मुलांकडून करून घ्या आणि चारच क्रम का चालतात ते त्यांना शोधू द्या. मग सहावी चिठ्ठी द्या : ‘छ : घड्याळ जुळवणे, यासाठी फक्त ख हवे’. मूळच्या अटी धरल्या, म्हणजे ‘ग’ ला फक्त ‘क’ हवे आणि ‘घ’ ला फक्त ‘ख’ हवे, तर आता ७२० पैकी १५ क्रम चालतात. ते मुलांनी मोजून काढावेत.

मोठ्या मुलांना एक युक्ती सांगता येईल. प्रत्येक चिठ्ठीला थेट गरज एकाच चिठ्ठीची असेल, तर प्रत्येक चिठ्ठीसमोर ‘ती स्वतः आणि तिच्यावर विसंबलेल्या सगळ्या’ मिळून किती, तो आकडा लिहायचा. इथे क समोर ६, ख समोर ४, घ समोर २ आणि बाकीच्यांसमोर १. यांचा गुणाकार ४८. एकूण क्रम ७२०, त्यांना ४८ ने भागले की १५. पाच चिठ्ठ्यांसाठीही हे पडताळून पाहा. पण ‘घ’ ला ‘ख’ आणि ‘ग’ दोन्ही हव्यात अशी अट घातली की ही युक्ती चालत नाही. का चालत नाही, हा चर्चेचा चांगला विषय आहे.

नंतर शाळेतलेच एखादे काम घ्या. स्नेहसंमेलन घ्या. मंडप, वीज, ध्वनिक्षेपक, पडदा, रंगमंचावरची सजावट, पाहुण्यांचे आगमन यांच्या चिठ्ठ्या करा. प्रत्येक गटाला फक्त आपल्या कामाची गरज लिहू द्या. क्रम लिहू देऊ नका. सगळ्या चिठ्ठ्या फळ्यावर लावून कान यांच्या रीतीने क्रम काढा. फेरा निघाला तर कोणत्या गटाने आपली मागणी सोडावी, हे मुलांनीच ठरवावे. क्रम लागला की दुसरा प्रश्न विचारा : कार्यक्रम संपल्यावर हे सारे आवरायचे कोणत्या क्रमाने? सगळे दिवे आधी मालवले तर मंडप सोडणाऱ्यांना काय दिसेल?